लिलाव आपल्याच जागेचा

सकाळी वर्तमानपत्र आले की घरात प्रत्येकाचे पान ठरलेले असते. आजोबा आधी निधनवार्ता पाहतात, मुले क्रिकेटवर झडप घालतात, राशिभविष्य सगळेच 'आपला विश्वास नाही' म्हणत वाचतात. जाहीर नोटिशींचे पान मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. बारीक टाइप, सरकारी भाषा, सर्व्हे नंबरांच्या रांगा. पुढे ते पान डब्याखाली घालायला कामी येते, एवढेच.

त्याच पानावर अधूनमधून एक चौकट असते. मथळा कानडीत असतो, 'हराजु प्रकटणे', म्हणजे लिलावाची जाहीर सूचना. अमुक संकुलातले इतके गाळे, तमुक वसाहतीतले इतके कोपऱ्याचे भूखंड, अमुक दिवशी लिलावाने द्यायचे आहेत. ज्यांना बोली लावायची असते ते चौकट कापून ठेवतात. बाकीचे आपण 'आपल्याला काय घ्यायचंय?' म्हणून पान उलटतो.

वाचकहो, या लिलावात घेणारे आपण नसू कदाचित. पण विकणारे आपणच असतो. गाळा महापालिकेचा म्हणजे गावाचा, आणि गावाचा म्हणजे तुमचा-आमचा. आपल्या मालकीची जागा कुणाला, किती वर्षांसाठी आणि किती रुपयांना चालली आहे, हे त्या चौकटीत लिहिलेले असते. स्वतःचे घर विकायला काढले असते तर आपण असे पान उलटले असते का?

मालक गैरहजर, सौदा हजर

हुबळीजवळच्या अमरगोळच्या मार्केट यार्डात शेतमालाचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट आठवेल. शेतकरी आपल्या मालाच्या ढिगाजवळच उभा असतो. माल किती चांगला आहे हे त्याला ठाऊक असते, भाव कुठवर चढतो हे तो कान देऊन ऐकतो, आणि नाहीच पटला तर 'नाही द्यायचा' म्हणून मान हलवतो. घर विकताना तर नवरा-बायको, भाऊ, मेहुणे सगळेच बसलेले असतात. गिऱ्हाईक कसे आहे, पैसे वेळेवर देईल का, याची चौकशी दहा ठिकाणी होते.

सार्वजनिक जागेच्या सौद्यात हा मालकच गैरहजर असतो. जागा सगळ्या गावाची, पण गाव काही कचेरीत येऊन बसत नाही. त्याच्या वतीने एक अधिकारी बसतो. जागा त्याच्या वडिलांची नसते, त्यामुळे ती कमी भावात गेली म्हणून त्याच्या घरची चूल थंड होत नाही. तो माणूस प्रामाणिक असो वा नसो, मालकाची कळकळ त्याच्याकडून गृहीत धरता येत नाही. म्हणून कायद्याने नियम केले. लिलावाच्या नियमांकडे मी नेहमी असे पाहते: गैरहजर मालकाचे डोळे, कान, हिशोबाची वही आणि सही, यांची जागा एकेका नियमाने भरून काढलेली असते. एक नियम गळाला की मालकाचा एक अवयव गेला असे समजावे.

लिलाव, हराजु, सवाल

आपल्या दोन भाषांच्या घरांत या व्यवहाराला शब्दही भरपूर आहेत. 'लिलाव' हा आपला नेहमीचा शब्द मुळात पोर्तुगीज. कानडीतला 'हराजु' अरबी-फारसीच्या वाटेने आला, आणि त्याचाच भाऊ 'हर्रास' मराठवाड्या-विदर्भाकडे मराठीत नांदतो. आमच्या भागातल्या कानडी बोलण्यात 'लिलावु' ही चालतो आणि बोलीला 'सवालु' म्हणणारेही आहेत. गोव्याकडे गेलात तर लिलावाला 'पावणी' म्हणतात. तिथल्या कोमुनिदादींच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक, शेतांची पावणी परंपरेने दर तीन वर्षांनी होत असे. सामाईक जमीन कायमची कुणा एकाला न देता ठरावीक मुदतीने पुन्हा सगळ्यांसमोर आणायची, ही समज किती जुनी आहे ते यावरून दिसते.

हुबळी-धारवाडातल्या सरकारी नोटिसा कानडीत असतात. ज्या घरात आजी-आजोबा मराठी वाचतात आणि नातवंडे कानडी शाळेत शिकतात, तिथे ही नोटीस नातवाने मोठ्याने वाचावी आणि आजोबांनी अर्थ लावावा. काही शब्द एकदा ओळखीचे झाले की भीती जाते. 'मळिगे' म्हणजे गाळा, 'निवेशन' म्हणजे भूखंड, 'गुत्तिगे' म्हणजे मक्ता किंवा पट्टा. 'बाडिगे' म्हणजे भाडे आणि 'ठेवणि' म्हणजे अनामत, हे तर सांगायलाच नको, ते आपल्याच शब्दांचे सोयरे आहेत. 'मूल बेले' म्हणजे ज्या किमतीपासून बोली सुरू व्हायची ती किंमत. आणि 'उतार' म्हणजे आपला उतारा! मुंबई इलाख्याच्या काळापासून हा शब्द या भागातल्या कचेऱ्यांत मुक्कामाला आहे.

आपल्या गावात विकणारे दोघे

हुबळी आणि धारवाड या दोन नगरपालिका एकत्र करून १९६२ साली महापालिका झाली. तिचा कारभार १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याने चालतो. बाजारसंकुलातले गाळे, मोकळ्या जागा, इमारती ही महापालिकेची मालमत्ता. ती विकायची किंवा पट्ट्याने द्यायची तर कोणाची मंजुरी लागते हे कायद्यात पायरीपायरीने ठरलेले असते. किंमत जेवढी मोठी आणि मुदत जेवढी लांब, तेवढी मंजुरीची पायरी वरची: आधी आयुक्त, मग समिती, मग सगळी सभा, आणि काही बाबतींत राज्य सरकार. महाराष्ट्रात १९४९ च्या महानगरपालिका कायद्याच्या कलम ७९ मध्ये अशाच पायऱ्या आहेत, आणि तिथे एक वाक्य फार मोलाचे आहे. मालमत्तेचा मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये, असे ते सांगते.

दुसरा विकणारा म्हणजे नगराभिवृद्धी प्राधिकार, ज्याला आपण सगळे 'हुडा' म्हणतो. राज्याच्या १९८७ च्या नगराभिवृद्धी प्राधिकार कायद्याखाली तो वसाहती आखतो. अशा प्राधिकारांच्या वसाहतींत तीन प्रकारचे भूखंड असतात आणि तिघांचे नियम वेगळे असतात. मधले साधे भूखंड अर्ज मागवून ठरलेल्या किमतीला दिले जातात, तिथे बोली नसते. कोपऱ्याचे आणि व्यापारी भूखंड मात्र लिलावाने जातात. कोपऱ्याला दोन बाजूंनी रस्ता, दोन बाजूंनी उजेड आणि उद्या खाली दुकान काढायची सोय, त्यामुळे त्याला भाव चढतो. तिसरे भूखंड नागरी सुविधांचे: शाळा, दवाखाना, वाचनालय यांच्यासाठी राखलेले. हे लिलावात काढायचे नसतात. ते संस्थांकडून अर्ज मागवून भाडेपट्ट्याने द्यायचे असतात.

या वाटणीमागे एक विचार आहे. ज्याला डोक्यावर छप्पर हवे आहे त्याला बोलीच्या स्पर्धेत ढकलू नये, आणि ज्याला नफा कमवायचा आहे त्याच्याकडून गावाने पुरते पैसे घ्यावेत. म्हणून नोटीस वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हा भूखंड नेमका कुठल्या प्रकारचा?

पाच कुलुपे

लिलावाचे नियम वाचायला गेले तर पानेच्या पाने आहेत. पण घरच्या भाषेत सांगायचे तर ती पाच कुलुपे आहेत.

पहिले कुलूप जाहिरातीचे. नोटीस पुरेशी आधी, खपाच्या वर्तमानपत्रात, सगळ्यांना समजेल अशी आली पाहिजे. जागेचा सीटीएस नंबर, क्षेत्रफळ, मुदत, अनामत, तारीख, सगळे तिच्यात हवे. मालकाला आणि होणाऱ्या गिऱ्हाइकांना मारलेली ही हाक आहे. हाक हळू आवाजात मारली की चार ओळखीचेच येतात, आणि चार जणांत लिलाव म्हणजे चहा पिता पिता केलेली वाटणी. बोलणी करून आपसात भाव न चढवण्याला लिलावाच्या धंद्यात 'रिंग' म्हणतात. एक जण घेतो, बाकीच्यांना मागच्या दाराने काही मिळते, आणि गावाला फक्त मूळ किंमत मिळते. रिंग मोडायचा खात्रीचा उपाय म्हणजे बाहेरचे लोक जास्त येणे. म्हणजे पुन्हा जाहिरात!

दुसरे कुलूप मूळ किमतीचे. 'सरकारी बोली' ती हीच. तिच्याखाली जागा द्यायची नाही. ही किंमत दहा वर्षांपूर्वीच्या दरावर ठरवली असेल तर बोली कितीही चढली तरी आपण तोट्यात. शेजारच्या खासगी दुकानाचे भाडे किती आहे, एवढी चौकशी केली तरी मूळ किंमत खरी की नावाची ते कळते.

तिसरे कुलूप अनामतीचे. बोली लावणाऱ्याने आधी ठरावीक रक्कम भरायची. उगाच भाव चढवून पळून जाणाऱ्यांना याने आळा बसतो. पण ही रक्कम बेताची हवी. ती डोंगराएवढी केली की होतकरू मुलगा किंवा बचत गटातल्या बाया दारातच अडतात, आणि आत राहतात ते नेहमीचेच यशस्वी. अनामत कमी की जास्त, यावर लिलाव कोणासाठी ठेवला आहे ते ठरते.

चौथे कुलूप उघड बोलीचे, आणि लिहिलेल्या अटी पाळण्याचे. मुंबईच्या विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेचा खटला १९७९ साली सर्वोच्च न्यायालयात गाजला. निविदेत अट होती की अर्जदाराला हॉटेल चालवण्याचा अमुक वर्षांचा अनुभव हवा. काम मात्र ती अट पुरी न करणाऱ्याला मिळाले. न्यायालयाने बजावले की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिच्यावरही बंधनकारक असते, मागाहून ती मोडता येत नाही. पण या खटल्याचा दुसरा धडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तक्रार करणारा उशिरा आला होता, तोवर समोरच्याचा पैसा खर्च झाला होता, म्हणून ते काम काही रद्द झाले नाही. तत्त्व जिंकले, तक्रारदार हरला. हरकत घ्यायची तर वेळेत घ्यावी!

हल्ली बऱ्याच ठिकाणी ई-लिलाव होतात. घरबसल्या संगणकावर बोली लावता येते, समोर कोण आहे ते दिसत नाही, दाराशी उभे राहून दमदाटी करता येत नाही. शेवटच्या काही मिनिटांत कुणी बोली वाढवली तर वेळही आपोआप वाढते. सोय चांगली आहे, पण ज्याला संगणकाची सवय नाही त्याला ती नवीच भिंत वाटते. घरातल्या कॉलेजच्या मुलाने अशा वेळी शेजारच्या काकांच्या मदतीला बसावे.

पाचवे कुलूप मंजुरीचे. 'एकवार, दोनवार, तीनवार' झाले की जागा आपली झाली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. नागपूर सुधार प्रन्यासाच्या एका भूखंडाच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सर्वांत मोठी बोली लावली म्हणून हक्क निर्माण होत नाही. सक्षम अधिकाऱ्याने ती स्वीकारून मंजूर केली पाहिजे. अर्थात नाकारायलाही सबळ कारण हवे, मनमानी चालत नाही. या मधल्या काळातच गैरहजर मालकाला बोलायची संधी असते. बोलीत काळेबेरे दिसले तर मंजुरीच्या आधी लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.

जुना गाळा, नवी बोली

इथवर सगळे सोपे आहे. खरी कसोटी लागते ती जुन्या गाळ्यांपाशी.

आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या बाजारात फिरा. आजोबांनी घेतलेला गाळा, वडिलांनी चालवलेले भांड्याचे दुकान, आता नातू गल्ल्यावर. भाडे जुन्या दराचे, पट्ट्याची मुदत केव्हाच संपलेली. मग एके दिवशी नोटीस येते की हे गाळे लिलावाने द्यायचे आहेत. त्या घरावर काय संकट कोसळते ते मी जवळून पाहिले आहे. दुकान म्हणजे नुसत्या चार भिंती नसतात. उधारीची वही, ओळखीची गिऱ्हाइके, दोन मुलींच्या लग्नांचा खर्च, सगळे त्या दहा बाय बाराच्या जागेतून निघालेले असते. 'आम्ही बाजार उभा केला, आणि आता पैसेवाल्याने येऊन बोली मारायची?' हा त्यांचा प्रश्न खोटा नाही.

पण त्याच गल्लीत दुसरे घर असते. शिवणाचा कोर्स केलेली, बँकेचे कर्ज मिळू शकेल अशी मुलगी. तिला गाळा हवा आहे, पण गेल्या तीस वर्षांत एकही रिकामा झालेला नाही. काही गाळे तर मूळ भाडेकरूने दुसऱ्याला दामदुप्पट भाड्याने दिलेले असतात. फरक त्याच्या खिशात, आणि महापालिकेला मिळते जुनेच भाडे. त्या पैशांतून गटार, दिवाबत्ती, शाळेचे छप्पर व्हायचे होते. या मुलीचे नाव कुठल्याच यादीत नसते. मालकासारखीच तीही गैरहजर असते, म्हणून तिची बाजू मांडायला कुणी उभे राहत नाही.

हा वाद केवढा मोठा होऊ शकतो ते जळगावने दाखवले. तिथल्या महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या दोन हजारांहून जास्त गाळ्यांची मुदत २०१२ साली संपली. नूतनीकरण की लिलाव, थकलेले भाडे कोणत्या दराने मोजायचे, यावर मोर्चे झाले, बंद झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले, आणि वर्षांमागून वर्षे गेली. पुढे महाराष्ट्र सरकारने २०१९ साली भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचे नियम केले. त्यातला बाजारमूल्याच्या ८ टक्के भाड्याचा दर ऐकून राज्यभरच्या गाळेधारकांनी ओरड केली आणि सरकारला तो नंतर खाली आणावा लागला.

माझ्या मते दोष जितका दुकानदारांचा तितकाच वेळेवर न बोलणाऱ्या कचेरीचाही असतो. मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे जुने भाडे घेत राहायचे आणि एके दिवशी अचानक थकबाकीचा डोंगर पुढे ठेवायचा, हा काही मालकाचा शहाणपणा नव्हे. नियम आधी ठरावा: किती वर्षांचा पट्टा, दरवर्षी भाडेवाढ किती, मुदतीनंतर काय. जुन्या भाडेकरूला शेवटच्या बोलीएवढी रक्कम देऊन गाळा ठेवण्याची एक संधी द्यायची असेल तर तीही आधीच लिहून ठेवावी, म्हणजे बोली लावायला येणाऱ्यालाही ते माहीत राहील. फसगत कुणाचीच होऊ नये. काही गाळे अनुसूचित जाती-जमातींसाठी, अपंगांसाठी राखून ठेवायचे असतात, ते प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात आहेत हेही पाहावे. रस्त्यावर भाजी-फुले विकणाऱ्यांचा विषय तर वेगळाच आहे. त्यांच्यासाठी २०१४ चा फेरीवाला कायदा आहे आणि त्यांच्या जागा ठरवायचे काम नगर विक्रेता समितीचे आहे. त्यांना बोलीच्या बाजारात उभे करायचे नसते.

जे विकायचेच नसते

लिलाव किती चांगला झाला हे विचारण्याआधी आणखी एक प्रश्न असतो: ही जागा द्यायची तरी होती का?

बेंगळूरच्या राजमहल विलास वसाहतीत नकाशावर उद्यानासाठी राखलेली एक जागा होती. ती मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका खासगी ट्रस्टला इस्पितळासाठी देण्यात आली. इस्पितळ म्हणजे चांगलेच काम की! पण रहिवासी कोर्टात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मोकळी जागा ही चैन नाही, शहराच्या आरोग्याची ती गरज आहे, आणि कायद्याने राखलेले उद्यान असे परस्पर दुसऱ्या कामाला लावता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. तो वाद आणणारे सगळे साधे रहिवासी होते. न्यायालयाने त्यांना 'तुमचा काय संबंध?' असे विचारून परत पाठवले नाही. कर्नाटकात तर १९८५ पासून उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा जपण्यासाठी वेगळा कायदाच आहे.

मग प्रत्येक सार्वजनिक जागा लिलावानेच द्यावी का? तसेही नाही. कलकत्त्यात प्राणिसंग्रहालयाची जमीन लिलाव न करता एका मोठ्या हॉटेलला दिली गेली होती. १९८७ साली न्यायालयाने ती मान्य केली, कारण निर्णय उघडपणे, विचार करून आणि सार्वजनिक हिताची कारणे देऊन झाला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये टू-जी प्रकरणात लिलावाचा आग्रह धरला गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर न्यायालयाने सांगितले की लिलाव हा चांगला मार्ग असला तरी राज्यघटनेने सांगितलेला तो एकमेव मार्ग नव्हे. वाचनालयाला जागा द्यायची तर तिथे जास्तीत जास्त पैसे मिळवणे हा हेतूच नसतो. लिलाव नसला तरी चालेल, पण कारण लिहिलेले हवे आणि ते सगळ्यांना वाचता आले पाहिजे.

बोली लावायला निघण्याआधी

आता घेणाऱ्यांसाठी चार शब्द. आमच्या नात्यातल्या एका मुलाने परगावी एका गाळ्यासाठी बोली लावली. समोर त्याच्याच गल्लीतला जुना स्पर्धक. दोघांची ईर्ष्या पेटली, भाव चढत गेला, आणि हा जिंकला. घरी पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात त्याच्या आईने वही घेऊन हिशोब मांडला तेव्हा कळले की रोज दुकान गच्च भरले तरी भाडे निघणार नाही. उरलेली रक्कम मुदतीत भरता आली नाही आणि अनामत जप्त झाली. त्यात आईच्या पाटल्यांचे पैसे होते.

या प्रकाराला जगात नावही आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या तीन तेल-अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून लिहिले की अशा लिलावात बऱ्याचदा तोच जिंकतो ज्याने किमतीचा अंदाज सर्वांत जास्त चुकवलेला असतो. 'जिंकणाऱ्याला लागलेला शाप' असे त्याला म्हणतात. आमच्या नातलगाच्या आईने तेल-अभियंत्यांचे नाव ऐकले नव्हते, पण हिशोब तिलाच बरोबर आला. फक्त तो बोलीच्या आदल्या रात्री मांडायला हवा होता.

म्हणून निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक आकडा कागदावर लिहावा. त्याच्या वर एक रुपयाही जायचे नाही. जागा आधी डोळ्यांनी पाहून यावी, पाणी, संडास, पावसात गळती, आत कुणी बसलेले आहे का, हे सगळे तपासावे. बेंगळूरच्या प्राधिकाराच्या लिलावात बोलीच्या चौथा हिस्सा लगेच आणि बाकी साधारण दीड महिन्यात भरावी लागते. आपल्या नोटिशीतली मुदत नीट वाचून, बँकेचे कर्ज तेवढ्यात मिळेल का ते आधी विचारून यावे. आणि पट्टा एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर त्याची नोंदणी करून घ्यावी. नुसत्या पावतीवर समाधान मानू नये.

वाटणी जवळ आली आहे

हे सगळे आताच लिहायचे कारण म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडसाठी वेगळ्या महापालिकेला मंजुरी दिली. १९६२ पासूनचे हे एकत्र कुटुंब वेगळे व्हायचे म्हणजे वाटणी आली. कुठल्याही घरात वाटणीच्या वेळी आधी काय लागते? यादी. भांडी किती, दागिने कुणाकडे, शेताचा उतारा कुणाच्या नावावर. ज्या घरात यादी नसते तिथे वस्तू हरवतात, आणि हरवलेल्या वस्तू कुणाच्या घरी सापडतात ते सगळ्यांना माहीत असते.

महापालिकेच्या मालमत्तेचीही अशी नोंदवही असते. आपल्या प्रभागातली मोकळी जागा, बाजारातले गाळे, उद्यान, समाजभवन त्या वहीत आहेत का, कुणाला किती मुदतीने दिले आहेत, भाडे किती आणि थकले किती, हे विचारण्याचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्याला दिला आहे. दहा रुपयांचे शुल्क, साधा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, तेवढे पाहावे. अर्ज कानडीत लिहायला मुलांना बसवा. शाळेतल्या निबंधापेक्षा त्यांना ते जास्त आवडेल, आणि आपले गाव कुणाच्या मालकीचे आहे हे त्यांना त्यातून कळेल.

बोली लावायला पैसे लागतात. बोली पाहायला, नोटीस वाचायला आणि वेळेत हरकत घ्यायला लागतो तो फक्त थोडा वेळ. गैरहजर मालकाने कधीतरी हजेरी लावली की कचेरीतल्या खुर्च्यांनाही ते कळते. पुढच्या वेळी 'हराजु प्रकटणे' दिसली की डब्याखाली घालण्याआधी ती एकदा वाचून पाहा.